बांबोळीचं गोमेकॉ फक्त गोव्याचं की सिंधुदुर्गाचंही?

तळकोकणी
सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले या पट्ट्यात पेशंट हाताबाहेर चालला की डॉक्टर नातेवाइकांना एवढंच सांगतात, बांबोळीला न्या. कुठलं बांबोळी, हे कुणी विचारत नाही; पणजीजवळचं, जिथे गोवा मेडिकल कॉलेजचं, म्हणजे गोमेकॉचं, सरकारी इस्पितळ आहे. सावंतवाडीहून साठेक किलोमीटर, सरळ महामार्ग. कोल्हापूर त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि वाटेत आंबोलीचा घाट. जुलैच्या रात्री धुक्यातून, दरडींच्या भीतीत, डोक्याला मार लागलेला माणूस त्या घाटातून वर नेऊन बघा, म्हणजे कळेल.

2018 च्या जानेवारीपासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं. तो राग रुपयांपुरता नव्हता. रोज कामाला गोव्यात जाणाऱ्या, सोयरीकही तिकडेच असणाऱ्या माणसाला 'तू बाहेरचा' म्हटल्याचा होता. माझं म्हणणं सरळ आहे. हे इस्पितळ अख्ख्या प्रदेशाचं आहे आणि ते तसंच चालवलं पाहिजे. तिळारी धरणासाठी दोन राज्यं एकत्र येऊ शकतात, मग इस्पितळासाठी का नाही?

म्हापशेकर
तिळारीचं उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय. त्या धरणात गोव्याने पैसे घातलेत, म्हणून पाणी मिळतं. गोमेकॉत महाराष्ट्राने काय घातलं?

2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर आणि सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या जवळ. शिवाय खालून कर्नाटकातल्या कारवारचे पेशंट येतातच. एवढ्याशा राज्याच्या तिजोरीवर तीन राज्यांचा भार किती दिवस टाकणार? काणकोणचा माणूस खाट मिळायची वाट बघत बसतो, त्यालाही आजारच असतो हो. माणुसकी दाखवायला आमची ना नाही. पण हक्क म्हणाल तर आधी वाटा उचला.

ओरोस नाका
मी सिंधुदुर्गातलाच, तरी म्हापशेकरांच्या बाजूने. किंबहुना त्यांच्याही पुढे जाऊन म्हणतो, बांबोळी जवळ आहे म्हणूनच आमच्याकडे काही उभं राहिलं नाही. आमच्या तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन थिएटर आहे, टेबल आहे, वरचा मोठा दिवासुद्धा पेटतो. भूलतज्ज्ञ नाही. मग अडलेल्या बाळंतिणीला 108 मध्ये घालायचं आणि द्यायचं पाठवून. त्या गाडीत तिच्या सोबत बसलेल्या सासूची अवस्था मी जवळून बघितली आहे. एक हात सुनेच्या पोटावर, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी, आणि प्रत्येक गतिरोधकाला तोंडातून देवाचं नाव.

ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2021 मध्ये सुरू झालं. आता जोर तिथे लावायचा. आंदोलन गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी नाक्याच्या दिशेने तोंड करून नको, मंत्रालयाच्या दिशेने करा.

तळकोकणी
ओरोस हवंच, कोण नको म्हणतो? पण इमारत आणि पाटी म्हणजे इस्पितळ नव्हे. रात्री दोनला न्यूरोसर्जन, रक्तपेढी, आयसीयूतली मुरलेली सिस्टर, ही घडी बसायला पिढी जाते. बांबोळीच्या पाठीशी 1842 मध्ये पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेची परंपरा आहे. तोवर आमच्या माणसांनी काय करायचं? आणि बांद्याच्या माणसाला ओरोस पूर्ण तयार झाल्यावरही बांबोळी हाकेच्या अंतरावरच राहणार.

सत्तरीकर
मी गोव्याची, पण म्हापशेकरांशी पटत नाही. माकडतापाची साथ आठवा. 2016 च्या सुमारास आमच्या सत्तरीत लोक तापाने फणफणले, तसेच तिकडे दोडामार्ग-बांदा भागातही. काजूच्या हंगामात बागेत माकडं मरून पडायची, गोचिडी अंगावर चढायच्या, आणि ती गोचीड काही आधार कार्ड बघून चावत नव्हती. दोन्हीकडचे पेशंट बांबोळीत आले. समजा दोडामार्गचे पेशंट आपण दारातून परत पाठवले असते, तर जंगलाच्या पलीकडे काय चाललंय हे आपल्या डॉक्टरांना कळलं तरी असतं का? शिकवणारं इस्पितळ अशा रुग्णांवरच मोठं होतं. जो मुलगा तिथे इंटर्न म्हणून सिंधुदुर्गाचा सर्पदंश हाताळतो, तोच उद्या वाळपईत तुमच्या आईला वाचवणार असतो.

म्हापशेकर
माकडतापाचा मुद्दा रास्त आहे, पण साथीचं वेगळं आणि रोजच्या डायलिसिसचं, मणक्याच्या ऑपरेशनचं वेगळं. तिथे खर्च वर्षानुवर्षं चालतो. माझी सूचना अशी: अपघात, सर्पदंश, बाळंतपण, हार्ट अटॅक यांत काउंटरवर पैशाचा शब्दही काढू नये, मग माणूस कुठलाही असो. बाकी उपचारांचं बिल रुग्णाच्या हातात न देता दर महिन्याला महाराष्ट्र सरकारला पाठवावं. थकलं तर दोन सरकारं भांडतील. पेशंट मध्ये सापडता कामा नये.

ओरोस नाका
हे मला मान्य, एका अटीवर. त्या बिलावर दर पेशंटपुढे दोन रकाने हवेत: कुठल्या रुग्णालयाने पाठवला आणि तिथे काय नव्हतं म्हणून पाठवला. भूलतज्ज्ञ नाही, सीटी स्कॅन बंद, बालरोगतज्ज्ञाची जागा रिकामी, जे असेल ते. ही यादी दर महिन्याला जिल्हा परिषदेच्या सभेत वाचून दाखवायची. सहा महिने सलग एकाच रुग्णालयापुढे 'भूलतज्ज्ञ नाही' आलं, तर पालकमंत्र्यांना विचारायला आमच्याकडे छापील कागद असेल.

तळकोकणी
त्यात तिसरा रकानाही घाला, निघाल्यापासून पोचेपर्यंत लागलेला वेळ. यादीचा नमुना मी तयार करतो. सत्तरीकर, इस्पितळाच्या बाजूने काय नोंदवणं शक्य आहे ते तुम्ही सांगा.