मदत हवी आहे: डेक्कन क्वीनचा केक, रविवारच्या आत

निळीशाई
लेकाला वाढदिवसाला डेक्कन क्वीन हवी आहे, केकची. करून बघितला तर मधेच बसला, आणि डबे कापायला घेतले तर नुसता भुगा. क्रीममध्ये निळा रंग घातला तर ते हिरवट झालं! काय चुकतंय? रविवारी संध्याकाळी माणसं येणार आहेत. प्लीज लवकर सांगा.

तूपसाखर
कशात भाजलात? अंडं घालून की बिनअंड्याचा? क्रीम बटरचं की व्हिप्ड? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

सहकारनगरी
क्रीमच्या नादी लागूच नका, फॉन्डंट आणा, म्हणजे केकवर पसरायचं साखरेचं मऊ पीठ. लाटायचं, पसरायचं, खिडक्या कापून पाण्याच्या बोटाने चिकटवायच्या. कडा सरळ येतात.

तूपसाखर
लहान मुलं फॉन्डंट खात नाहीत, सोलून ताटात ठेवतात. शिवाय फ्रिजमधून काढलं की त्याला घाम सुटतो, रंग हाताला लागतो.

सहकारनगरी
फ्रिजमध्ये ठेवायचंच कशाला? आत गनाश भरा, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. माझ्या दोन्ही मुलींचे सगळे केक असेच झालेत.

शनवारातला
एवढा खटाटोप कशाला? बेकरीत फोटो दिला की केकवर छापून देतात. आणि मेणबत्त्या विझवण्याऐवजी औक्षण करा, मुलांना तेच लक्षात राहतं.

निळीशाई
औक्षण होणारच आहे. पण केक त्याच्याबरोबरच करायचाय, चाकं तो लावणार आहे. तीन पूर्ण होतील. मायक्रोवेव्ह साधा आहे, कन्व्हेक्शन नाही, म्हणून कुकरमध्ये केला. अंडं नाही, सासूबाईंना चालत नाही. क्रीम बटरचं.

मंदआच
आता सांगता येईल. दही आणि सोडा एकत्र आले की लगेच फसफसायला लागतात, ते पीठ ओट्यावर ठेवून द्यायचं नाही. कुकर आधी १० मिनिटं तापवा, शिट्टी आणि रिंग काढून, आत स्टँड ठेवून. भांडं ठेवलं की मंद आच, आणि पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही. सारखं डोकावलं की केक मधे बसतो. प्रमाण: दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, व्हॅनिला. चमचा म्हणजे मापाचा टीस्पून, चहात ढवळायचा नव्हे.
भुगा होतो कारण गरम कापता. शनिवारी भाजा, पूर्ण गार झाला की गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, रविवारी सकाळी धारदार सुरीने कापा.
गाडीसाठी लांब भांडं शोधू नका. चौकोनी टिनमध्ये भाजून पट्ट्या कापा, एकेक पट्टी म्हणजे एकेक डबा. टिन घेताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजा, ६ इंची टिन तिरका साडेआठ इंच भरतो. कुकरच्या आत तेवढी जागा हवी. बोहरी आळीच्या बाजारात सगळे आकार मिळतात.

तूपसाखर
आणि कुकरच्या तळाशी मीठ पसरा.

मंदआच
मीठ नको ताई, स्टँड पुरतो.

रंगपेटी
हिरवट झालं ते बटरच्या पिवळ्यामुळे. पिवळ्यात निळा म्हणजे हिरवाच. बटर पांढुरकं होईपर्यंत फेटा, मग टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच जांभळा, त्यानंतर निळा. जेलचाच रंग घ्या, पाण्यासारख्या रंगाने क्रीम सैल पडतं. आणि फिकट दिसला तरी थांबा, ठेवल्यावर रंग गडद होत जातो.

रुळावरचा
निळा-पांढरा आणि मधे लाल पट्टा ही जुनी डेक्कन क्वीन. २०२२ मध्ये एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचे डबे आले तेव्हा रंग बदलला. कुठली हवी आहे?

निळीशाई
जुनी. त्याच्या खेळण्यातली तीच आहे.

सहकारनगरी
इंजिनावर चॉकलेट वेफरचं धुराडं लावा, गोड दिसेल.

रुळावरचा
धुराडं लावू नका! १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हापासून ही गाडी विजेवर धावते. धुराड्याऐवजी टपावर पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या विजेच्या तारेला टेकणारा सांगाडा, तारेने करून दाखवा. आणि एक डबा डायनिंग कारचा हवाच.

मंदआच
तार नको, टूथपिकही नको. तीन वर्षांचं मूल आहे, तोंडात काय जाईल सांगता येत नाही. ते चंदेरी साखरेचे कडक गोळेही नकोत. पेंटोग्राफ क्रीमनेच काढा. चाकांना क्रीमची बिस्किटं लावा.

निळीशाई
हे सगळं जमेल. पण केक कोथरूडहून हडपसरला न्यायचाय, रिक्षाने. आईकडे आहे वाढदिवस.

तूपसाखर
अहो, हे आधी सांगायचं ना!

मंदआच
डबे जोडून नेऊ नका. क्रीम लावलेले डबे फ्रिजमध्ये कडक करा आणि कडा असलेल्या खोक्यात घट्ट बसवून न्या. खोकं मांडीवर नको, पायाशी सपाट ठेवा. बिस्किटं, लाल पट्ट्यासाठी क्रीम भरलेली पायपिंग बॅग (क्रीम पिळायची पिशवी) आणि थोडं जादा क्रीम वेगळं न्या. आईकडे बोर्डवर डबे जोडा, तिथेच पट्टा ओढा, आणि चाकं त्याला लावू द्या.