आईचा पहिला पासपोर्ट (बडोदा): प्रत्येक कागदावर वेगळं नाव, कुठलं धरायचं? मदत हवी आहे

वडवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बहिणीचं बाळंतपण मार्चमध्ये आहे, लंडनजवळ. आई जाणार हे घरात ठरलंय, म्हणजे आईनंच ठरवलंय. बाकीच्यांनी माना हलवल्या. पासपोर्ट मात्र तिनं कधीच काढला नव्हता. परवा कपाटातली कागदांची पिशवी उपसली आणि डोकंच धरलं.

शाळा सोडल्याचा दाखला आहे, मराठी शाळेचा, सातवी पासचा. त्यावर माहेरचं नाव: शालिनी, पुढे आजोबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. जन्मतारीख 5 जून 1963. लग्नात नाव बदललं, सुनंदा झाली. हे 1984 सालचं. पॅनकार्डावर 'सुनंदा विनायक' आणि आमचं आडनाव, तारीख दाखल्यावरचीच. आधारवर 'सुनंदाबेन विनायकराव', आणि तारखेच्या जागी फक्त 1963. बँकेच्या पासबुकावर 'सुनंदाबेन विनायकभाई'. बाबांना जन्मात कुणी विनायकभाई म्हटलेलं नाही, पण काउंटरवरच्या माणसाला वाटलं, लिहिलं. मतदार ओळखपत्र जुनं आहे, त्यावर वय आहे आणि ते हिशोबाला बसत नाही. (नावं इथे बदलून लिहिली आहेत, घोळ खरा आहे.) आडनावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे, तेवढं एक नशीब.

लग्नाची नोंदणी नाही. पत्रिका आहे, फोटो आहेत.

कोर्टाच्या बाहेर बसणाऱ्या एका एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, आता जन्मदाखला सक्तीचा झालाय, तो काढा, मग राजपत्रात नावबदल छापा, मग दोन पेपरांत जाहिरात, मग बघू. आकडाही सांगितला, तो इथे लिहीत नाही. माझे प्रश्न असे:

जन्मदाखला खरंच लागतो का? पासपोर्टवर नाव कुठलं घ्यायचं? 'शालिनी'चं काय करायचं, सांगायचं की गप्प बसायचं? आई सातवी शिकलेली, म्हणून कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर असतो तो इमिग्रेशनचा शिक्का (ईसीआर) बसेल का? आणि तत्काळमध्ये टाकलं तर लवकर होईल का?

सेवउसळ

एजंटाला आधी रामराम करा. बाकी जाणकार सांगतीलच.

मांडवीपासचा

तत्काळचा विचार सोडा. वरचे 2000 रुपये जातात ते जातात, पण नावाचा घोळ असलेला अर्ज तत्काळमध्ये अडकला तर तो साध्या अर्जाहून जास्त रखडतो. कागद नीट लावून साध्या रांगेतून जा. मार्चला अवकाश आहे.

आणि शिक्क्याची काळजी नको. पन्नाशी ओलांडलेल्यांना शिक्षण कितीही असलं तरी तो लागत नाही.

निवृत्त कारकून

ताई, शांतपणे वाचा. तुमच्याकडे कागद कमी नाहीत, जास्त आहेत. त्यातले निम्मे बाहेर काढायचेच नाहीत.

पहिलं, जन्मदाखला. फेब्रुवारी 2025 मध्ये नियम बदलला हे खरं, पण तो 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. त्या लेकरांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तुमच्या आई 1963 च्या. त्यांना शाळेचा दाखला, पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, एलआयसीच्या पॉलिसीचा बाँड यांपैकी जन्मतारीख छापलेला एखादा कागद चालतो. एजंटानं अर्धा नियम सांगितला आणि उरलेल्या अर्ध्याचे पैसे मागितले.

महापालिकेत 1963 ची नोंद शोधायला जाऊच नका. त्या काळच्या नोंदीत बहुतेकदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' आणि बापाचं नाव. ती सापडली तरी त्यावर ना शालिनी ना सुनंदा, म्हणजे तुमच्या घोळात आणखी एका कागदाची भर.

दुसरं, आणि इथेच सगळी मेख आहे. शाळेचा दाखला जन्मतारखेसाठी दिलात तर 'शालिनी' म्हणजेच 'सुनंदा' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. ते सिद्ध करायला तुमच्याकडे काय आहे? तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव! त्याची नोंद कुठल्या कचेरीत होते? मग आलंच ते ॲफिडेव्हिट, जाहिरात, राजपत्र. एजंटाचा सगळा धंदा या एका दाखल्यावर उभा आहे. तो देऊ नका. पॅन द्या. पॅनवर पूर्ण तारीख आहे, सासरचं नाव आहे, आणि पॅन जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतं. दाखला पिशवीत राहू द्या, कुणी मागितला तर दाखवता येईल.

तिसरं, लग्नाची नोंदणी. डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं नियम सैल केले तेव्हापासून विवाहित अर्जदाराला लग्नाचं प्रमाणपत्र जोडायची सक्ती नाही. तुमच्या आईवडिलांचं लग्न 1984 चं. गुजरातचा विवाह नोंदणी कायदा 2006 चा आहे, त्याआधीच्या बहुतेक जोडप्यांकडे हा कागद नसतोच.

आता 'शालिनी'. सांगायचं. अर्जात विचारतात की तुम्ही आणखी कुठल्या नावानं ओळखले जात होता का, आणि नाव कधी बदललं का. तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि लपवलं तर उगाच अंगावर येतं. पासपोर्ट कायदा 1967 चा, त्याच्या कलम 12 मध्ये जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, असं लिहिलंय. सासरच्या नावाबद्दल कुणी एवढं ताणत नाही, पण पोलीस चौकशीला आलेल्या माणसाला शेजारच्या आजी 'आमची शालू ना?' म्हणाल्या, तर अर्जात ते नाव आधीच असलेलं बरं.

बाबांचा पासपोर्ट आहे का? असेल तर शेवटच्या पानावर पत्नीचं नाव काय छापलंय ते बघून सांगा.

फतेहगंज

कारकूनकाकांशी एका बाबतीत सहमत नाही. पॅनवरचं नाव धरलं की 'बेन' जाणार. ते कशाला काढताय? गुजरातेत अर्ध्या बायकांच्या पासपोर्टवर बेन आहे आणि त्या जगभर फिरतात. आधार, बँक, सगळीकडे बेन आहे तर पासपोर्टवरही बेन घ्या आणि पॅन तेवढं बदला. एक कागद बदलायचा की तीन?

निवृत्त कारकून

फतेहगंजभाई, मुद्दा चुकीचा नाही. आधी बाबांचा पासपोर्ट बघू द्या.

वडवाली

काका, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. शालू म्हणणाऱ्या आजी खरंच आहेत, समोरच राहतात, त्यामुळे ती आधी हसली आणि मग म्हणाली लिही बाई शालिनी.

बाबांचा पासपोर्ट आहे आणि चालू आहे, पत्ताही हाच घराचा. पत्नीचं नाव 'सुनंदा' आणि आडनाव, मध्ये बाबांचं नावही नाही. बहिणीला फोन केला, तिच्या पासपोर्टवर आईचं नाव तसंच, 'सुनंदा'. पण तिच्या जन्मदाखल्यावर गुजरातीत 'सुनंदाबेन' आहे. तो व्हिसाला लागेल ना?

निवृत्त कारकून

मग निकाल लागला. बेन काढा.

फतेहगंजभाई, कारण ऐका. कागद मोजण्यापेक्षा कुठला कागद जड आहे ते बघावं. नवऱ्याच्या आणि मुलीच्या पासपोर्टवर जे नाव आधीच छापलंय ते जड, कारण ते बदलायला दोघांनाही पासपोर्ट पुन्हा काढावा लागेल, त्यातली एक परदेशात आणि गरोदर. पॅनही त्याच बाजूला आहे. आधार आणि पासबुक हलके, ते इथल्या इथे बदलतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी आधार केंद्रात पॅन दाखवून आधारवरचं नाव दुरुस्त करून घ्या. बेन आणि राव काढणं ही किरकोळ दुरुस्ती आहे, राजपत्र लागत नाही. पण नीट बघून करा, आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. दुरुस्त आधार हातात येईपर्यंत पासपोर्टचा अर्ज भरू नका. मग ओळखीसाठी आधार, तारखेसाठी पॅन. पत्त्यासाठी आधार चालतंच, शिवाय बाबांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत जोडा. पत्नी म्हणून नाव असेल आणि पत्ता तोच असेल तर तोही पत्त्याचा पुरावा धरतात. विनायकभाईचं पासबुक घरीच राहू द्या. पासपोर्ट आला की तो दाखवून बँकेतही नाव सुधारून घ्या, आणि आधारवर पूर्ण तारीखही त्यावरूनच चढवता येईल.

लंडनस्थ बडोदेकर

व्हिसाचं मी सांगते, माझ्या सासूबाईंचं असंच होतं, फक्त 'बेन'ऐवजी 'बाई'. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात 'आणखी कुठली नावं वापरली का' हा रकाना असतो. तिथे शालिनी (माहेरच्या आडनावासकट) आणि सुनंदाबेन दोन्ही टाका. जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर लागेल, ते करणाऱ्याला सांगा की मूळ कागदावर आहे तसंच 'बेन' ठेव, आपल्या मनानं काढू नको. सोबतच्या पत्रात एक ओळ: गुजरातेत बाईच्या नावापुढे आदरार्थी 'बेन' लावतात, नाव तेच. बस.

वडवाली

हे फार उपयोगी. आता फॉर्ममधलं एक. 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोनच रकाने आहेत. बाबांचं नाव मध्ये घालायचं की नाही? पॅनवर आहे, बाबांच्या पासपोर्टवर नाही.

मांडवीपासचा

मी घातलं नाही, काही बिघडलं नाही. नवऱ्याचं नाव वेगळ्या रकान्यात येतंच.

निवृत्त कारकून

घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी चालतं. माझं मत न घालण्याकडे, कारण दोन्ही पासपोर्टांवर नुसतं 'सुनंदा' आहे. विमानाच्या तिकिटावर मधलं नाव पहिल्याला चिकटून येतं, 'सुनंदाविनायक' असं. त्यानं अडत काही नाही, पण म्हातारी माणसं काउंटरवर घाबरतात. मात्र मग आधारची दुरुस्ती करतानाही हे डोक्यात ठेवा: तिथे पॅनप्रमाणे 'सुनंदा विनायक आडनाव' होणार. केंद्रात कुणी विचारलं तर मधलं नाव नवऱ्याचं आहे एवढं सांगायचं. एखादा अधिकारी आग्रह धरेल की पॅन-आधारवर आहे तसंच घ्या. मग घ्या, वाद घालू नका, 'सुनंदा विनायक' हेही स्वच्छ नाव आहे.

हे मात्र करू नका: सगळं नाव गिव्हन नेममध्ये कोंबून सरनेम रिकामा सोडणं. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय, त्यात हा गोंधळ हमखास होतो. सरनेम रिकामा आणि नाव एकाच शब्दाचं, अशा पासपोर्टवर दुबईला उतरणाऱ्यांना अमिरातीनं नोव्हेंबर 2022 मध्ये व्हिजिट व्हिसा बंद केला होता. लंडनची स्वस्त तिकिटं बऱ्याचदा दुबईवरून जातात, उद्या आईला मध्ये दोन दिवस उतरावंसं वाटलं तर?

आणि 'सौ.', 'श्रीमती' काही लावायचं नाही.

सेवउसळ

आईची सही 'सौ. सुनंदा' अशी असेल तर? आमच्या आईची आहे 😄

निवृत्त कारकून

सहीला कोण अडवतंय! मराठीत करा, सौ. लावून करा. फक्त दर वेळी तशीच करा.

फतेहगंज

पटलं, बेन गेली. फी किती आता?

मांडवीपासचा

36 पानी, दहा वर्षांचा, 1500. साठीच्या पुढच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट, म्हणजे 1350. पैसे ऑनलाइनच, आणि सरकारी साइटवरच. नावाच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर ती साइट बंद करा. हुबेहूब दिसणाऱ्या बऱ्याच खोट्या आहेत.

पासपोर्ट केंद्र बडोद्यातच आहे, पण ते अहमदाबाद कार्यालयाच्या हाताखाली येतं, त्यामुळे पासपोर्टवर 'अहमदाबाद' छापून आलं म्हणून दचकू नका. आत ए, बी, सी असे तीन टप्पे: ए ला कागद स्कॅन, फोटो, बोटांचे ठसे; बी ला तपासणी; सी ला मंजुरी. फोटो तिथेच काढतात, मागे पांढरा पडदा असतो, तेव्हा आईला गडद साडी नेसवा. मूळ कागद आणि प्रती दोन्ही न्या.

वडवाली

माझा भाऊ पुण्याला असतो, आई मधून मधून तिकडे जाते. पोलीस आले आणि ती नसली तर?

मांडवीपासचा

अर्ज आता देशात कुठूनही करता येतो, 2018 पासून. पण चौकशी अर्जातल्या पत्त्यावरच होते. पासपोर्ट येईपर्यंत आईला पुण्याला पाठवू नका. आजीला समोरच राहू द्या.

वडवाली

😄 ठरलं. उद्या आधार केंद्रात जाते. शेवटचं एक: पासपोर्ट केंद्रात आईबरोबर मला आत सोडतील का? ती एकटी जायला तयार नाही.

निवृत्त कारकून

एरवी फक्त अर्जदाराला सोडतात, पण ज्येष्ठ नागरिकासोबत एकाला जाऊ देतात. दारावर वय सांगा. आत मात्र उत्तरं आईंनाच देऊ द्या, आणि 'नाव काय' विचारल्यावर शालिनी म्हणायचं नाही हे घरून निघताना एकदा आठवण करा.