गिऱ्हाईक नाही, पण कंपनी रजिस्टर!

खर्डेघाश्या: "पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी कंपनी काढा, नाहीतर तुम्ही सिरीयस नाही" अशी पोस्ट फिरतेय, सगळे लाइकचे अंगठे देतायत, म्हणून लिहितोय. मी हेच केलं होतं. शिक्का, लेटरहेड, डायरेक्टर लिहिलेलं कार्ड. दोन वर्षांत बिलं फाडली तीन, पण रिटर्न दरवर्षी भरायचेच, आणि काढण्यापेक्षा बंद करायला जास्त वेळ गेला. एकट्याचं, कमी जोखमीचं काम असेल तर स्वतःच्या नावावर करा की.

आडवातिडवा: आणि कुणी दावा ठोकला की घर विकाल? एकट्याच्या धंद्यात धंद्याचं देणं ते तुमचं देणं. कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती, हे इंग्लंडात १८९६ सालीच ठरलंय, सॉलोमन केस. बूट बनवणारा माणूस, सात सभासद लागायचे म्हणून बायको आणि पाच पोरांना एकेक शेअर, स्वतःकडे २०,००१. कंपनी बुडाली, तरी हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तिथलं तेव्हाचं सर्वात वरचं कोर्ट, म्हणालं देणी कंपनीची, त्याची नाहीत.

खर्डेघाश्या: सॉलोमनला आजचा बँक मॅनेजर भेटायला हवा होता. नव्या कंपनीला कर्ज म्हटलं की पर्सनल गॅरंटीचा, म्हणजे "कंपनीने नाही फेडलं तर मी फेडेन" असा कागद पुढे येतोच, सही केली की तुमची लिमिटेड लायबिलिटी, म्हणजे "देणं कंपनीचं, माझं नाही" हे, त्या कर्जापुरती गेली तेल लावत.

मुकी_मैना: भागीदारीचं कुणी बोलतच नाहीये! मी आणि जाऊबाई, फिफ्टी-फिफ्टी, घरातल्या घरात काय लिहायचं म्हणून कागद नाही. त्यांनी मला न विचारता मालाची ऑर्डर दिली, आणि साध्या भागीदारीत एकीने धंद्यासाठी केलेलं देणं दोघींचं, त्यांच्याकडे पैसे नाहीत म्हटल्यावर सगळे मी भरले.

उंटावरून: फिफ्टी-फिफ्टी हाच रोग आहे. एक्कावन्न-एकोणपन्नास करा.

मुकी_मैना: म्हणजे एकोणपन्नासवाली नोकर?

उंटावरून: नोकर कसली, अडलं तर शेवटचा शब्द कुणाचा तरी हवा ना. आमचे आठ महिने चेकवर सही कुणाची यातच गेले, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे.

मुकी_मैना: तुमच्याकडे एक्कावन्न असणार, म्हणून गोड लागतंय.

आडवातिडवा: विषय काय, चाललंय काय! कंपनी असती तर हे झालंच नसतं.

मुकी_मैना: का, कंपनीत जाऊबाई डायरेक्टर नसत्या झाल्या? कुणी किती रकमेपर्यंत सही करायची आणि कुणी बाहेर पडलं तर हिस्सा कसा मोजायचा, एवढं गोडीगुलाबी असतानाच लिहून घ्यायला हवं होतं. तुमच्या सॉलोमनला काय, बायको-पोरं सही म्हणेल तिथे करत असणार.

हिशेबनीस: मी रोज लोकांच्या वह्या बघते. कंपनी काढतात आणि तिच्याच खात्यातून पोरांची फी भरतात, मग कोर्टात "कंपनी वेगळी, मी वेगळा" कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय स्वतःच्या हातून निष्काळजीपणा झाला तर दावा तुमच्यावर व्यक्तिशःही होऊ शकतो. तिथे विमा कामाला येतो, कंपनी नाही.

आडवातिडवा: बरं बाई, विमा मान्य. पण मुलं सांभाळणं, मशीन बसवणं असल्या धंद्यात कंपनी आधीच हवी.

खर्डेघाश्या: मग मी "कमी जोखमीचं" लिहिलं ते काय सजावटीला? वाचत जा की.

मुकी_मैना: जाऊबाईंनी हे वाचलं वाटतं. फोन वाजतोय.