गोधडी संग्रहालयात टांगली म्हणून कला झाली का?

सुईदोरा: काल इथे एकांनी अमेरिकेतली कलाकार बिसा बटलर हिच्या कामाचा फोटो टाकून लिहिलं, 'ही तर गोधडी. बाई कृष्णवर्णीय नसती तर शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट संग्रहालयाने दारातही उभं केलं नसतं.' वाचून डोकंच फिरलं. अहो, ती हॉवर्ड विद्यापीठात चित्रकला शिकलेली. शिवण आई-आजीकडून आलेली, वडील घानाचे. ज्यांची नावंही कुणी टिपून ठेवली नाहीत अशा माणसांचे जुने फोटो ती घेते आणि कापडातून उभे करते. कातडीला तपकिरी रंग नाहीच. गालावर जांभळा, कपाळावर निळा, नाकाच्या शेंड्यावर केशरी. जवळून निव्वळ तुकडे, चार पावलं मागे सरलं की समोरची बाई डोळ्याला डोळा भिडवते.

रोखठोक: लिहिणारा मीच. वारसा वारसा म्हणता, पण ती वापरते ते 'आफ्रिकी' वॅक्स प्रिंट, म्हणजे भडक नक्षीचं छापील सुती कापड, डच गिरण्यांनी जावाच्या बाटिकची नक्कल करून तिकडे खपवलेलं. आणि संग्रहालयांना जाग २०२० च्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनानंतरच कशी आली?

नाचणी: मिरची पोर्तुगीजांनी आणली, म्हणून ठेचा त्यांचा झाला का? आणि फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्तीने आईसोबत पहिली गोधडी १९८० मध्ये केली. अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. आधी तारखा बघा.

माहेरची वाकळ: ते सगळं राहू द्या, आपल्याकडे काय चाललंय? माझी आई नऊवारीचे पदर जोडून वाकळ शिवायची, बोटाला सुईचे घट्टे. शहरातल्या एका दुकानाने तिला एका वाकळेचे चारशे दिले आणि काचेत चार हजारांची चिठ्ठी लावली. तिचं नाव कुठेच नाही.

रोखठोक: हेच म्हणतोय मी! तुमच्या आईला कुणी कलाकार म्हटलं?

माहेरची वाकळ: नाही म्हटलं, म्हणून तिकडच्या बाईलाही म्हणू नये? आईच्या नावाने असला युक्तिवाद करू नका. ती गेली, एक वाकळ उरलीय माझ्याकडे.

घाटाखालचा: उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहिलीय कुणी? पूर्वज आफ्रिकेतले, कित्येकांना पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेलं. कडेपासून शिवत आत येतात, कोपऱ्यांना छोटे त्रिकोण लावतात. आम्ही जंजिरा बघायला जातो, सिद्दींचा किल्ला म्हणून फोटो काढतो, आणि या बायकांबद्दल एक ओळ ठाऊक नसते.

रोखठोक: विषय सोडून चाललंय. तरी मान्य, हे मला माहीत नव्हतं. 'नुसती गोधडी' हा शब्द मागे घेतो. बाजार चेहरा बघून भाव लावतो, यावर मात्र ठाम आहे.

सुईदोरा: बाजाराबद्दल भांडा की, कोण अडवतंय? फक्त त्या बाईच्या हातात दोष काढू नका.

माहेरची वाकळ: दुकानदाराचं कुणी बोललंच नाही. चारशे रुपये. शिवायला सव्वा महिना लागला होता तिला.