मदत हवी आहे: पासवर्ड लॉगिन बंद केलं, तरी लॉगमध्ये 'फेल्ड पासवर्ड' का येतंय?

नमस्कार मंडळी,

उबुंटू २२.०४ (लिनक्स) चा एक व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, मी एकटाच सांभाळतो. काही लोकांचं रोजचं काम त्यावर चालतं. काल ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद) उघडला आणि धसकाच बसला. रूट, ॲडमिन, टेस्ट, पोस्टग्रेस अशा नावांनी कोणी ना कोणी सतत पासवर्ड लावून बघतंय.

लगेच एसएसएचची (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत) की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, बनवून सर्व्हरवर टाकली, तिने लॉगिन होतंय. मग एसएसएचडी_कॉन्फिग या एसएसएचच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये पासवर्डऑथेंटिकेशन 'नो' केलं आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. चुकीचे प्रयत्न करणाऱ्या आयपीवर बंदी घालणारं फेलटूबॅनही बसवलं, पण ५ चुकांनंतर १० मिनिटं बंदी म्हणजे फारच थोडी. शिवाय ही मंडळी आयपी बदलून परत येतात.

आज पुन्हा 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट'! पासवर्ड बंद आहे तर सर्व्हर तो तपासतोच कशाला? एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२ बदलू का? ठरावीक आयपीलाच परवानगी द्यावी, तर माझा आयपी सारखा बदलतो. काही चुकलं तर मीच बाहेर अडकेन, ही धास्ती वेगळीच.

प्रतिसाद १

शंका अगदी रास्त आहे. पासवर्ड खरंच बंद असता तर ती ओळ आलीच नसती. सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) 'एसएसएचडी -टी' चालवा, टी कॅपिटल हवा. सर्व्हर प्रत्यक्षात काय धरून चाललाय ते त्यात दिसतं. माझा संशय एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरमधल्या क्लाउड-इनिटच्या (सर्व्हर पहिल्यांदा चालू होताना सेटिंग्ज करणारा प्रोग्राम) फाइलवर आहे. उबुंटूत ते फोल्डर आधी वाचलं जातं आणि एसएसएचडी पहिलं सापडलेलं मूल्यच धरतो; तुमचं 'नो' नंतर येतं. केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशनही (पासवर्ड विचारायचा दुसरा मार्ग) 'नो' आहे ना ते बघा.

पोर्ट बदलल्याने लॉगमधली गर्दी कमी होईल, सुरक्षा म्हणून त्यावर विसंबू नका. आणि आत्ताचं सेशन बंद करू नका! बदल करा, त्याच कमांडला स्मॉल टी लावून फाइल तपासा, रीस्टार्ट करा, मग दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून बघा.

मूळ प्रश्नकर्ता

तीच फाइल निघाली, आत 'येस' होतं. बदललं, दुसऱ्या विंडोतून आत आलो, 'फेल्ड पासवर्ड' थांबलं. मनापासून आभार. म्हणजे आतापर्यंत दार उघडंच होतं, म्हणून जुन्या लॉगमध्ये 'ॲक्सेप्टेड' (यशस्वी लॉगिनच्या) ओळीही शोधल्या. सगळ्या माझ्याच आहेत.

आता एकच विचारतो: दुसऱ्या लॅपटॉपसाठी हीच प्रायव्हेट की (कीचा आपल्याकडचा गुप्त भाग) कॉपी करू, की नवीन बनवू?

प्रतिसाद २

नवीनच बनवा, पासफ्रेजसह (कीला लावायचा पासवर्ड). एखादा लॅपटॉप हरवला तर ऑथराइज्ड_कीजमधून (सर्व्हरवरची, परवानगी असलेल्या कींची फाइल) तेवढीच ओळ काढता येते.