मदत हवी आहे: हरिश्चंद्रगड, ६८ वर्षांचे बाबा आणि तोलार खिंडीचा हट्ट

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हरिश्चंद्रगडावर जायचं ठरतंय आणि कोणत्या वाटेने जायचं यावरून घरात रोज खडाजंगी. जाणकारांनी निवाडा करावा.

माणसं चार. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझे बाबा. बाबा ६८ वर्षांचे. पर्वती नेमाने चढतात, दमसास चांगला आहे, पण उतरताना डावा गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, जा खुशाल, फक्त उतरताना घाई करू नका आणि काठी घ्या. काठीचं नाव काढलं की बाबा विषय बदलतात, ते वेगळं.

तरुणपणी ते मित्रांबरोबर खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे गेले होते. त्यामुळे गडाची वाट ती एकच, दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावाहून जाणं म्हणजे मागच्या दाराने शिरणं, असं त्यांचं ठाम मत. खिंडीतलं व्याघ्रशिल्प त्यांना नातीला दाखवायचंय. वर केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा हे तर हवंच. चांगदेवांनी या गडावर तप केलं, 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथेच लिहिला, हे ते मला लहानपणापासून सांगत आलेत, तेव्हा देवळातले शिलालेख बघायलाही निवांत वेळ लागणार.

मला पाचनई बरी वाटते, पण माझं ऐकणार कोण? शिवाय एका दिवसात जाऊन यावं की मुक्काम करावा, हेही ठरत नाही. लेकीला तंबूत झोपायचंय, बाबांना गुहेत. आम्ही पुण्याहून स्वतःच्या गाडीने येऊ.

—

कातळखुणा:
ताई, पाचनई. डोळे मिटून.

खिरेश्वरची वाट वाईट नाही, पण लांब आहे. खिंडीपर्यंत जंगलातून चढ, तिथून पुढे उघडा कातळ. तिथे आता रेलिंग आहेत. खरा कंटाळा त्याच्या पुढे येतो. कातळ संपला की गड आला असं वाटतं आणि मग टेकड्या सुरू होतात, एक उतरली की दुसरी समोर. पावसाळ्यात धुकं असताना माणसं चुकतात ती याच टप्प्यात. बाबांच्या चालीने चार-पाच तास धरा, आणि उतरताना तोच कातळ दुखऱ्या गुडघ्याने.

पाचनईहून अडीच-तीन तासांत देवळापाशी. सुरुवातीचा चढ थोडा अंगावर येतो, मग वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते, डोक्यावर कातळाचं छत आणि बाजूला मंगळगंगेची घळ. वाट चुकायची भीती जवळपास नाही. पर्वती चढणाऱ्या माणसाला जड जाणार नाही.

—

रानवारा७:
नळीची वाट करा! बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूने वर यायचं. त्याशिवाय गड कळत नाही.

—

कातळखुणा:
@रानवारा७, ६८ वर्षांचे गृहस्थ, दुखरा गुडघा आणि दहा वर्षांची मुलगी. प्रश्न वाचून उत्तर द्यायची पद्धत सुरू करूया का? ताई, नळीची वाट घसाऱ्याची आणि दगड सुटण्याची आहे, तिकडे बघूही नका.

—

हिरडा-बेहडा:
मुक्कामाबद्दल लिहितो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे गड असला तरी आधी ते वनखात्याचं रान आहे. पाचनईला नाक्यावर नोंद होते, प्रवेशशुल्क भरावं लागतं. तंबू आणि गुहांमधला मुक्काम यांबाबतचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी पाचनईतल्याच कुणाला फोन करून विचारा. आमच्यासारख्या जुन्या भटक्यांच्या आठवणींवर विसंबू नका. "आम्ही गणेशगुहेत झोपलो होतो" असं सांगणारे पुष्कळ भेटतील.

चालत असलं तरी मी बाबांना गुहेत झोपवणार नाही. डिसेंबरात रात्री कातळ गारठतो, गुडघा सकाळी बोलेल. त्यापेक्षा पाचनईत घरगुती सोय असते तिथे राहा. पिठलं-भाकरी, उबदार खोली. पहाटे पाचला टॉर्च घेऊन निघा, उन्हं तापायच्या आत वर.

आणि कोकणकडा सकाळी बघा. सगळे सूर्यास्ताच्या मागे असतात, तो सुंदर असतोच, पण मग अंधारात उतरायचं किंवा वर राहायचं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि खाली दरीत धुकं भरलेलं असेल तर आपली सावली त्यावर पडून भोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. इंद्रवज्र म्हणतात ते हेच. १८३५ मध्ये कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इथेच दिसलं होतं. डिसेंबरात धुक्याचा भरवसा नाही, पण दिसलंच तर सकाळी दिसेल, संध्याकाळी नाही.

कड्याच्या टोकाशी मुलीला पोटावर झोपवूनच खाली बघू द्या, आणि पाय मोठ्या माणसाने धरायचे.

—

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. इंद्रवज्राचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला, पहाटे निघायला लगेच तयार झाले. पण पाचनई म्हटलं की "मग वाघ राहिला" हेच. नातीला वचन दिलंय म्हणे.

—

कोतूळकडचा:
वाघ राहायची गरजच नाही. तोलार खिंड ही खिरेश्वर आणि कोथळे या दोन गावांमधली खिंड आहे. सगळे खिरेश्वरकडून चढतात म्हणून ती तिकडचीच वाटते. कोथळ्याच्या बाजूनेही खिंडीत जाता येतं आणि चढ बेताचा आहे.

तुम्ही पुण्याहून येणार, म्हणजे आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ असेच याल. पाचनईला जाताना कोथळे लागतंच. दुपारी तिथे गाडी लावा, गावातला एखादा वाटाड्या सोबत घ्या, नातीला वाघ दाखवा, परत या आणि अंधार पडायच्या आत पाचनई गाठा. दुसऱ्या दिवशी गड. बाबांचं वचनही राहिलं आणि गुडघाही.

वाटाड्याला त्याचे पैसे द्या, घासाघीस करू नका.

—

धागाकर्ती:
कोतूळकडचे दादा, तुम्ही आमचं घर वाचवलंत! बाबा आत्ता नकाशा पसरून बसलेत आणि "हे मला माहीतच होतं" असं म्हणतायत.

आता एकच. केदारेश्वराच्या पाण्यात बाबांना उतरायचंय. उतरू द्यावं का?

—

कातळखुणा:
बघायला जरूर न्या, उतरायचं मात्र तिथे जाऊन ठरवा. गुहेत मधोमध मोठी पिंड, चार बाजूंना चार खांब होते, त्यातला एकच आता अख्खा उरलाय. लोक त्याला चार युगांची गोष्ट जोडतात, लेकीला बाबाच रंगवून सांगतील. भोवतीचं पाणी कमरेएवढं आणि बर्फासारखं. तळ बुळबुळीत आहे. चांगला गुडघा असलेला माणूसही तिथे हात धरून चालतो. पिंड काठावरून नीट दिसते, प्रदक्षिणा तुमच्या यजमानांनी घालावी. उतरलातच तर कोरडे कपडे सॅकमध्ये हवेत.

शिलालेखांसाठी देवळाच्या आवारात वेळ राखा. पुष्करणीच्या काठचे कोनाडे तेवढ्यात बघून होतात.

—

हिरडा-बेहडा:
दोन गोष्टी राहिल्या. अत्तर, परफ्युम काही लावू नका आणि कड्याजवळ धूर करू नका, आग्यामोहोळं असतात. आणि खाऊची पिशवी हातात नको, माकडं थेट हातातून ओढतात. देवळापाशी आणि कड्यावर गावकऱ्यांच्या टपऱ्या असतात, लिंबूसरबत नि जेवण मिळतं, म्हणून डबे लादून नेऊ नका. पाणी मात्र माणशी दोन लिटर खालूनच घ्या.

काठ्या दोन घ्या, एक नव्हे. एक नातीच्या हातात द्या आणि "आजोबा, माझ्यासारखी तुम्हीपण घ्या" हे तिला म्हणायला लावा.

—

धागाकर्ती:
काठीची युक्ती आजच करून बघते. पाचनईत फोन झाला, खोली मिळाली. तंबूचं विचारलं तर ते म्हणाले अंगणात लावा. लेक खूश.