शाहूकालीन वसतिगृहांवरील प्रकल्पासाठी अस्सल साधने कोठे मिळतील?

शुक्रवारपेठकर
माझी मुलगी अकरावीत असून तिने इतिहासाच्या प्रकल्पासाठी शाहू महाराजांच्या काळातील वसतिगृहे हा विषय घेतला आहे. चरित्रे वाचून तिने वीस पाने लिहून काढली, पण ‘सारे दुय्यम, अस्सल साधन एकही नाही’ असा शेरा मारून बाईंनी ती परत केली. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात तिला कोणी दारात तरी उभे करील का? शिवाय कागद मोडी लिपीत असले तर काय करावे?

जुना दप्तरी
प्राचार्यांचे पत्र आणि ओळखपत्र घेऊन जावे व नेमका कोणत्या सालचा, कोणत्या खात्याचा कागद हवा ते लिहून न्यावे. ‘शाहू महाराजांविषयी काय आहे ते दाखवा’ असे म्हटल्यास कोणाचाही नाइलाज होतो. मात्र त्याआधी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जावे. महाराजांची पत्रे व हुकूम शिवाजी विद्यापीठाने खंडांच्या रूपाने छापले आहेत आणि छापले म्हणून ते दुय्यम ठरत नाहीत; ठरतात, हा गैरसमज शिक्षकांतही आढळतो. संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या रिकाम्या जागा मागासवर्गीयांना देण्याचा २६ जुलै १९०२ चा हुकूम मुळातून वाचला, तर त्यात कोणत्या जाती वगळल्या आहेत ते शब्दशः कळते. चरित्रात बहुधा नुसते ‘पन्नास टक्के’ एवढेच उरते. हा हुकूम निघाला तेव्हा महाराज विलायतेत होते, हेही तिने टिपून ठेवावे.

बोर्डिंगचा माजी विद्यार्थी
विषय फार मोठा आहे. एकच वसतिगृह घ्यावे. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चे, तर दसरा चौकात जैन आणि मुस्लिम बोर्डिंग हाकेच्या अंतरावर आहेत. इमारतीवर कोनशिला असेल तर तिच्यावरील मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट उतरवून घ्यावा. जुने वार्षिक अहवाल संस्थेकडे नम्रपणे मागावेत आणि त्यांतील जमाखर्च आधी पाहावा, कारण भाषणांपेक्षा धान्य, रॉकेल आणि फी यांचे आकडेच मुले कशी राहत होती ते सांगतात.

जुना दप्तरी
मोडीचे राहिलेच. त्या लिपीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग अक्षरे तिला लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, त्यामुळे देवनागरीच्या सवयीचा डोळा पहिल्या दिवशी हरतोच. तिने एखादाच कागद निवडून जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि तसे प्रकल्पात नमूद करावे. सन फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेचा असेल, तर इसवी सन काढण्यासाठी त्यात ५९० मिळवावेत. वर्ष मृगाला बदलत असल्याने जानेवारी ते मेमधील तारखांना ५९१ लागतात. आणि रुमालाचा, म्हणजे कागद बांधलेल्या गठ्ठ्याचा, क्रमांक कागद उघडण्याआधीच लिहावा. मी एकदा तो न लिहिता सुरेख उतारा घरी आणला आणि तोच कागद पुन्हा शोधण्यात तीन दिवस घालवले.

शुक्रवारपेठकर
आपला आभारी आहे. शनिवारी आम्ही दोघे दसरा चौकात जात आहोत. कोनशिला उतरवायला वही तिने आताच बाजूला काढली आहे.